दोन गुणांनी शहर

९ जानेवारी

या वर्षी औषध कंपनीची डायरी आली नाही. इतकी वर्षं दर डिसेंबरात तो टायवाला माणूस यायचा, यांच्या टेबलावर गोळ्यांचे नमुने मांडायचा आणि जाताना आत डोकावून म्हणायचा, "वहिनी, तुमची डायरी." परवा फोन करून विचारलं, तर म्हणाला, आता त्याच्या फेरीत आपलं गावच धरलेलं नाही. एका डॉक्टरसाठी तलावाला एवढा वळसा घालणं कंपनीला जमत नाही. म्हणून कपाटातली कोरी राहिलेली जुनी डायरी काढली आहे. वार चुकीचे आहेत, ते खोडायचे. प्रत्येक पानावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, तिच्याकडे काणाडोळा करायचा.

आज लिहायला बसले, कारण सकाळी हे म्हणाले, "आता पुरे करतो." मी किटली खाली ठेवली. तर म्हणाले, "चहा नाही गं. दवाखाना. या वर्षअखेर थांबतो."

मी हसले. "आणि मग दिवसभर काय करणार? माझ्या मागे मागे फिरणार?"

"फिरेन की."

असं ते पूर्वीही एकदा-दोनदा बोललेत. मनावर घ्यायचं नसतं. पेशंटशिवाय यांना दोन दिवस करमायचं नाही, मी ओळखते यांना. शिवाय जागेवर दुसरा डॉक्टर मिळायला नको? आजवर तिघे येऊन बघून गेले. एकाच्या बायकोनं विचारलं, "इथे संध्याकाळी लोक काय करतात?" मी म्हटलं, "घरी येतात." ते दोघं चहा न घेताच गेले.

१६ जानेवारी

अध्यक्ष आले होते. म्हणजे माजी अध्यक्ष. नगरपालिकेच्या खुर्चीवरून उतरूनही बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांना अजून सगळे अध्यक्षच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा.

सरकारनं योजना काढली आहे म्हणे. ग्रामीण भागात जाऊन फॅमिली डॉक्टर म्हणून बसणाऱ्या तरुण मुलामुलींना राहायला घर, वरचा पगार आणि पुढच्या शिक्षणात राखीव जागा. पण ग्रामीण म्हणजे नेमकं कुठलं, यावरूनच इतकी भांडणं झाली की आता समिती नेमली आहे. ती गावोगाव पाहणी करून गुण देणार. वस्ती किती, मोठं हॉस्पिटल किती लांब, डॉक्टर किती, त्यांच्यावर भार किती. ठरलेले गुण भरले तर ते गाव ग्रामीण, आणि तिथे डॉक्टर येणार.

"मग आपल्याला अडचण काय?" यांनी विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा काढून उगाच पुसला. "अडचण मीच करून ठेवलीय, डॉक्टर. कागदोपत्री आपण शहर आहोत."

खरंच की. मला तो दिवस आठवला, नगरपालिका झाली तो. बँडवाले आणले होते. चौकात सिग्नल बसवला होता, तलावाच्या या काठावरचा पहिला. गावात वाहनं तीन, त्यातली धावणारी एक, ती यांची स्कूटर. अध्यक्षांनी कळ दाबली, लाल दिवा लागला, आणि हे ठरल्याप्रमाणे स्कूटर घेऊन आले आणि थांबले. मागे मी बसले होते, निळ्या साडीत. हिरवा दिवा लागल्यावर आम्ही निघालो तेव्हा अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला टाळ्या पडल्या त्या तेवढ्याच.

"गावाला शहर करण्यात जन्म घातला," अध्यक्ष जाताना दारात म्हणाले, "आणि आता म्हातारपणी अर्ज करायचा की हे खेडं आहे."

"ते एका अर्जानं होत असेल तर सोपं आहे," हे म्हणाले. पण त्यांचा चेहरा खुलला होता. मला जरा नवल वाटलं.

२ फेब्रुवारी

यांनी एक मोडकी होडी विकत आणली आहे. परसात उलटी घालून ठेवली आहे आणि दुपारचे पेशंट संपले की तिला पॉलिश कागदानं घासत बसतात. शीळ घालतात. लग्न झालं तेव्हा घालायचे, मग परीक्षा, नोकरी, दवाखाना, यात ती कधी बंद पडली मला कळलंही नव्हतं.

बिचारे. थांबायचं म्हटल्यावर मन कशात तरी रमवायला नको का? हे सगळं उसनं अवसान आहे. मी काही बोलत नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबा मजेत असतील." तिला काय कळतंय. ती शहरात असते.

२१ फेब्रुवारी

आज समितीच्या बाई पाहणीला आल्या. चाळिशीच्या असतील, पायांत सपाट बूट, बोलणं नेमकं. मी सकाळपासून दवाखाना लखलखीत करून ठेवला होता. बाकडी पुसली, पडदे धुतलेले लावले, लशींचा फ्रिज आतून-बाहेरून घासला. हे एका वेणा आलेल्या बाईकडे गेले होते, त्यामुळे सगळं मलाच दाखवावं लागलं.

बाईंनी विचारलं, "डॉक्टर नसले की पेशंट काय करतात?"

म्हटलं, "मी असते ना. बसवते, ताप बघते, पट्टी बदलते. कुणाला थांबता येईल आणि कुणाला नाही हे आता मला चेहऱ्यावरून कळतं."

"आणि अडीअडचणीला अवेळी कुणी आलं तर?"

"घंटा आमच्या झोपायच्या खोलीत वाजते. दार कधी बंद राहिलेलं नाही."

"डॉक्टर स्वतः आजारी पडले तर?"

"हे आजारी पडत नाहीत."

त्या लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मोठं हॉस्पिटल लांब पडत असेल?" मी त्यांना गच्चीवर नेलं. हवा स्वच्छ होती, तलावापलीकडे शहराच्या इमारती कशा चित्रासारख्या दिसत होत्या. म्हटलं, "लांब कसलं, ते बघा, ती पांढरी इमारत. खिडक्या मोजून घ्या." आम्ही इथे राहायला आलो तेव्हा पलीकडे नुसतं झुडपांचं रान होतं. किती बदललं सगळं.

खाली आल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "तुमची नेमणूक कधीची?"

"माझी?" मला हसू आलं. "मी घरची."

त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग काहीच लिहिलं नाही. मी केलेला केक मात्र दोनदा घेतला. निघताना म्हणाल्या, "इतकी नीट चाललेली व्यवस्था मी फार कमी ठिकाणी पाहिली." मी हे यांना आल्या आल्या सांगितलं. वाटलं होतं खूश होतील. हे हात धूत होते, ते धूतच राहिले.

१४ मार्च

आज विशेष काही नाही. बाकड्यावर नेहमीची मंडळी. शिंपीणबाई रक्तदाबाला येतात आणि जाताना माझ्या पडद्यांची शिवण तपासून जातात. बेकरीवाला येतो तो काही होत नसताना येतो, आणि होत असलं की सांगत नाही.

कोपऱ्यातलं ते बुटकं बाकडं सगळ्यात जुनं. दवाखाना उघडला त्या दिवशी तेवढंच होतं. सकाळपासून हे नवा कोट घालून बसले होते आणि मी आतून मिनिटामिनिटाला डोकावत होते. दुपारी एक आजोबा आले, मागे दोरीला शेळी. कुंपणाच्या तारेनं तिचा पाय फाडला होता. हे म्हणाले, "आजोबा, मी माणसांचा डॉक्टर आहे." आजोबा म्हणाले, "तिला कुठं माहितीये?" यांनी टाके घातले, मी शेळीचं तोंड धरून बसले. पहिली फी म्हणून दुसऱ्या दिवशी दूध आलं. आम्ही दोघं पायरीवर बसून प्यालो. तेव्हा आमच्याकडे कप एकच होता.

हे सगळं सोडून होडी घासत बसायचं म्हणे.

१९ एप्रिल

निकाल लागला. आपलं गाव ग्रामीण ठरलं नाही. 'शहरालगत' असा वर्ग दिला आहे. दोन गुण कमी पडले.

अध्यक्षांनी उभ्या उभ्याच वाचून दाखवलं. शहर नजरेच्या टप्प्यात, सरळ रेषेत अंतर अल्प. वैद्यकीय सेवा चोवीस तास, अखंड आणि समाधानकारक. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "सरळ रेषेत! सरळ रेषेत तर पाणी आहे. पेशंटनं काय पोहत जायचं?"

हे परसात गेले, होडीवर ताडपत्री घातली, दोरीनं आवळून बांधली आणि येऊन पुढचा पेशंट आत घेतला.

संध्याकाळी मी केक केला. यांनी विचारलं, "आज काय विशेष?" म्हटलं, "अंडी उरली होती."

२० एप्रिल

लेकीचा फोन. "आई, त्या बाईंना तू काय काय सांगितलंस?"

"जे आहे ते."

"जे आहे ते, की जे तुला दाखवायचं होतं ते?"

अलीकडे ही फार तिरकं बोलते. मी फोन यांच्याकडे दिला. हे तिला म्हणत होते, "जाऊ दे गं. तिनं सगळं उभं केलंय, ती वाईट कसं सांगेल?" माझीच बाजू घेत होते.

२३ मे

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते.

दुपारी शिंपीणबाई आत गेल्या त्या बाहेर येईनात. बाकडी भरली होती. मी दार लोटून पाहिलं. हे खुर्चीत झोपले होते. कानांत स्टेथोस्कोप तसाच, आणि बोटं शिंपीणबाईंच्या मनगटावर. त्या हात जराही न हलवता बसल्या होत्या. मला बघून ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजल्या, "आत्ताच डोळा लागलाय. हात काढला तर जाग येईल." आत्ताच कुठलं. चांगला अर्धा तास झाला असेल.

मला भरून आलं. असा एकेक माणूस जोडलाय यांनी. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, संध्याकाळी या. कुणी हूं की चूं केलं नाही. बेकरीवाला तेवढा म्हणाला, "वहिनी, छातीत जरा जळजळ होतीय." मी कपाटातलं पित्ताचं औषध दिलं, हेही त्याला तेच देतात. तो "बरंय" म्हणून गेला.

हे उठले तेव्हा बाकडी रिकामी. मी सगळं निभावून नेलं होतं.

२५ मे

काल लिहिता आलं नाही.

परवा दवाखान्यातून गेल्यावर दोन तासांत बेकरीवाला भट्टीपाशी कोसळला. हार्ट अटॅक. गावात रुग्णवाहिका नाही, शहराची यायला जेवढा वेळ तेवढाच जायला, म्हणून त्याच्याच पावाच्या गाडीत घातला. हे मागे त्याच्याशेजारी बसले, पावाचे ट्रे बाजूला सारून, आणि तलावाला पूर्ण वळसा घालून गेले. मी गच्चीवर उभी होते. ती पांढरी इमारत समोर दिसत होती, आणि गाडी तिच्या उलट दिशेला चालली होती.

वाचला. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

हे काल परत आले. कोटाला पीठ लागलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं, जळजळीचं, औषधाचं, संध्याकाळी या म्हटल्याचं. मला वाटलं, म्हणतील, असू दे, तुझी चूक नाही.

ते म्हणाले, "चूक झाली. तुझी झाली आणि माझीही. मी झोपलो होतो."

"तुम्ही दमला होता."

"हो. मी दमलोय." मग थोड्या वेळानं, "त्या बाकड्यासमोर तिसरं कुणीतरी असायला हवं होतं गं. शिकलेलं, आणि झोप झालेलं."

मी विचारलं, "तुम्हाला खरंच थांबायचंय?"

"जानेवारीपासून काय सांगतोय?"

इतकं साधं वाक्य. मी त्याचे काय काय अर्थ लावत बसले होते. करमायचं नाही, करमायचं नाही, असं मी सारखं म्हणत होते. कुणाला करमायचं नाही, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं.

३ जून

अध्यक्षांकडे गेले. फेरविचाराचा अर्ज करता येतो, शहरात सुनावणी असते. म्हटलं, मी बोलणार. ते म्हणाले, "डॉक्टरीणकाकू, तुम्ही मागे बोललात ते पुरे नाही का झालं?" मग स्वतःच ओशाळले. मी म्हटलं, "म्हणूनच मला बोलायला हवं."

८ जुलै

सुनावणी झाली. सकाळच्या बसनं निघालो, मी आणि अध्यक्ष. हे दवाखाना सोडून येऊ शकत नव्हते, हाच खरं तर आमचा सगळा मुद्दा. बस पाण्याच्या कडेकडेनं रांगत राहिली. अध्यक्षांना बस लागते, हे मला आजच कळलं.

लांब टेबल, पलीकडे पाच जण, त्यांत त्या बाई. आधी अध्यक्ष उठले. घरून भाषण तयार करून आणलं होतं, पण ते खिशातच राहिलं. म्हणाले, "मी या गावाचा अध्यक्ष होतो. आमच्याकडे नगरपालिका आहे, सिग्नल आहे. सिग्नल बंद पडून किती वर्षं झाली कुणाला आठवत नाही, कारण त्यानं कुणाचं काही अडलं नाही. साहेब, आमचं गाव खेडं आहे." शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज फाटला आणि ते खाली बसले. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

मग मी. बाईंनी माझ्याकडे ओळखीनं पाहिलं. मी बेकरीवाल्याचं सांगितलं, माझ्या औषधासकट. वळशाचं सांगितलं. हे दोनदा न्यूमोनिया अंगावर काढून टेबलाशी बसलेत, ते सांगितलं. लेकीच्या लग्नात हे अक्षरशः घटकाभर आले होते, ते सांगितलं. घंटा झोपायच्या खोलीत आहे म्हणजे काय, ते सांगितलं. आपण तक्रार करतोय असं वाटून मध्ये मध्ये लाजही वाटत होती. मी आयुष्यात कुणापुढे असं घरातलं काढलं नव्हतं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुम्ही मला यातलं काहीच सांगितलं नाहीत."

म्हटलं, "फेब्रुवारीत मी पाहुण्याला घर दाखवत होते."

एक जण हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही दवाखान्यात रोज किती वेळ काम करता?"

मला सांगता येईना. दवाखाना कुठे संपतो आणि स्वयंपाकघर कुठे सुरू होतं हेच मला कधी ठरवता आलं नाही. तसं म्हटलं. या वेळी त्यांनी ते लिहून घेतलं.

परतताना अध्यक्ष खिडकीशी बसले होते. मध्येच म्हणाले, "सिग्नलच्या दिवशी तुम्ही निळी साडी नेसला होता."

"तुम्हाला आठवतंय?"

"तो दिवस मी विसरेन होय?"

११ सप्टेंबर

समितीनं मोजमाप बदललं. सरळ रेषेऐवजी रस्त्यानं लागणारा वेळ धरणार, आणि एकच डॉक्टर असलेल्या गावात त्याचं वयही धरणार. आमच्यासारखी आणखी बरीच गावं त्यात आली. अध्यक्ष घरोघर सांगत फिरत होते, "आपण ग्रामीण झालो!" त्यांच्या तोंडून हे असं ऐकायला मिळेल, हे कुणाला खरं वाटलं असतं?

यांनी ताडपत्री सोडली. मी पॉलिश कागद आणून दिला. म्हणाले, "जाड आणलास, बारीक हवा होता." दुसरा आणला.

६ नोव्हेंबर

नवी डॉक्टर आली. मुलगीच आहे, आमच्या लेकीहून लहान. शाळेमागच्या सरकारी इमारतीत दवाखाना आणि वर राहायचं घर. सोबत एक नर्स, पगारी. नर्सला वेळ ठरवून दिलेली आहे, ती संपली की ती खरोखर घरी जाते.

मुलगी यांच्याशी तीन दिवस बसली. हे एकेका घराची माहिती देत होते, कुणाला साखर, कुणाचं हृदय, कोण दुखणं लपवतं. ती भराभरा टिपून घेत होती. मी चहा ठेवून आले. कुणी मला काही विचारलं नाही, आणि मी होऊनही काही सांगितलं नाही. सोपं नव्हतं.

३० नोव्हेंबर

आज आमच्या दवाखान्याचा शेवटचा दिवस. सकाळपासून बाकडी भरलेली, पण आजारी कुणी नव्हतं. नुसते येऊन बसत होते. एकेकाला हे आत घेत, दोघं गप्पा मारत, मग पुढचा. बेकरीवाला बारीक झालाय, पाव मात्र ट्रेभर घेऊन आला. शिंपीणबाईंनी आत जाऊन मुद्दाम हात पुढे केला. "आज झोपायचं नाही हं, डॉक्टर." सगळे हसले. हेही हसले आणि मग बराच वेळ त्यांना चष्मा सापडेना. तो डोळ्यांवरच होता.

सगळे गेल्यावर मी सवयीनं झाडू घेतला. यांनी तो हातातून काढून घेतला आणि स्वतः झाडलं. कोपरे राहिले. मी राहू दिले.

१२ डिसेंबर

घर फार शांत आहे. हे सकाळी पाण्यावर जातात, भूक लागली की येतात. मी दोनदा विनाकारण ताप मोजायची काच धुऊन ठेवली.

१७ डिसेंबर

आज नव्या दवाखान्यात गेले. मुलगी कसं काय करते ते बघायला, असं यांना सांगितलं. नर्सनं विचारलं, "पेशंट कोण?" काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, "मीच." तिनं ओळखपत्र मागून त्यावरचं नाव लिहून घेतलं आणि बसायला सांगितलं.

बाकड्यावर सगळे ओळखीचे. मला बघून दोघं-तिघं उठले, "काकू, तुम्ही आधी जा." म्हटलं, "बसा, मी नंबरानं जाईन." बसले. बसल्यावर लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी बाकड्यावर कधी बसलेच नव्हते. इथून दार किती लांब दिसतं. आत गेलेला माणूस किती वेळ लावतो. शेजारच्या मुलाला खोकला होता, तो ऐकून माझे हात शिवशिवत होते, तरी मांडीवर ठेवून गप्प राहिले.

मग नर्सनं एक नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. तिनं परत पुकारलं. मी इकडे तिकडे पाहिलं, कोण ही बाई, उठत का नाही. तेव्हा शिंपीणबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अहो काकू, तुम्हीच."

माझंच नाव होतं. वडिलांनी ठेवलेलं. हे मला 'अगं' म्हणतात, लेक 'आई', गाव 'डॉक्टरीणकाकू'. कुणी मोठ्यानं ते म्हटलेलं ऐकून किती काळ लोटला होता, देव जाणे.

आत गेले. मुलीनं ओळखलं, पण उठली-बिठली नाही, खुर्ची दाखवली. मला ते आवडलं. तिनं विचारलं, "काय होतंय?"

हा प्रश्न मी जन्मभर दारात उभी राहून प्रत्येकाला विचारला. मला कुणी तो विचारायची वेळच मी येऊ दिली नव्हती. तोंडात आलं होतं, काही नाही, सहज आले. ते गिळलं.

"सांगायला जरा वेळ लागेल," मी म्हटलं. "बाहेर गर्दी आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. "असू दे, मावशी. सांगा."